शहराच्या पडद्यातलं हिरवं दार

हॅलो. हॅलो. माईक टेस्टिंग. एक, दोन...

"तीन नोको म्हनू बे हेमराज! तीन म्हटला का लिलाव संपते!"

हा आवाज खुशालभाऊंचा, आमच्या नाट्यमंडळाच्या अध्यक्षांचा. हेमराजनं माईक तोंडापासून दूर धरला आणि केशोरी गावच्या त्या बांधीत, जिथे दिवाळीपर्यंत धान उभा होता, तणसावर, म्हणजे धानाच्या पेंढ्यावर बसलेली सगळी माणसं हसली. भर दुपारी. आमच्याकडे नाटकाला माणसं अंधार पडल्यावर बसतात. दुपारी डोक्यावर दुपट्टा घेऊन स्टेजकडे बघणारं गाव मी पहिल्यांदाच पाहत होतो.

स्टेज तोच. बांबू तेच. ऑर्गनमागे डुलक्या घेणारे उदारामकाका तेच.

नाटक नव्हतं. लिलाव होता. एका इटालियन चित्रकारानं काढलेल्या शहराचा लिलाव. ते शहर आमच्या स्टेजवर टांगलेलं होतं आणि घेणारे मुंबईत, दिल्लीत, कुठे कुठे समुद्रापलीकडे बसलेले होते.

मी भुपेंद्र. मंडळाचा प्रॉम्प्टर. स्टेजच्या डाव्या बाजूला बसतो, विसरलेली वाक्यं पुरवतो आणि एन्ट्रीची घंटी वाजवतो. त्या दुपारी पुरवायला वाक्यं नव्हती. सवयीनं घंटी मात्र हातात होती.

*

पडदा.

वर आभाळ, फिकट, समुद्र जवळ असल्यासारखं. एकमेकांना टेकलेली उंच घरं, पिवळी, गुलाबी, मळकी. एक मनोरा, त्यावर घड्याळ. गल्लीवरून आडव्या दोऱ्या, दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे. खाली उजवीकडे दोन पायऱ्या, आणि पायऱ्यांवर एक हिरवं दार.

शहराचं नाव त्रिएस्ते. हे आम्हाला गेल्या वर्षी कळलं. त्याआधी ते मुंबई होतं. नागपूर होतं. एका नाटकात दुबई. एका पौराणिक नाटकात महालाचा पडदा उंदरांनी खाल्ला म्हणून तेच हस्तिनापूर झालं आणि दुर्योधन वाळत घातलेल्या चड्ड्यांखाली उभा राहून गर्जला. कोणी हसलं नाही. शहर म्हटलं की आमच्या गावाच्या डोळ्यांपुढे हेच येतं. आमची पोरं पुण्याला कामाला गेली तेव्हा फोनवर सांगायची, "इथं तर तसा घड्याळच नाई कोठी."

काढणारा एत्तोरे बालदान. गाव म्हणायचं बल्दानबाबू. माझ्या जन्माआधी गोठणगावच्या तिबेटी वसाहतीत आला होता. तिथून फिरत फिरत केशोरीत पोहोचला आणि हिवतापानं पडला. नंदामावशीच्या वडिलांनी त्याला आपल्या खाटेवर झोपवलं. बरा होत आला तेव्हा मंडळानं त्याला सांगितलं, आम्हाला एक शहर पाहिजे. कोणतं, ते सांगितलं नाही. त्यानं आपलं काढलं. सरस, चुना, बाजारातले रंग, मांजरपाट. मग गेला. पुढे त्याच्या देशात त्याचं नाव झालं आणि तो वारला. पडद्याच्या कोपऱ्यातली त्याची सही आम्ही इतकी वर्षं रंगाचा ओघळ समजत होतो.

आता मुंबईच्या एका लिलाव कंपनीच्या संध्या मॅडम कॅमेरा घेऊन आल्या होत्या. पडदा गुंडाळून मुंबईला नेला असता तर घरांचा अर्धा रंग ट्रकमध्येच गळला असता, म्हणून लिलाव जागेवर. पडद्यासमोर कॅमेरा. एका टेबलावर टीव्ही, त्यात मुंबईचे लिलाववाले साहेब. गावात रेंज एकाच उंचीवर येते, म्हणून नेटचा मोबाइल बांबूच्या टोकाला बांधलेला.

सगळं ठीक होतं. एक दार सोडून.

*

सकाळी, रंगपटात. म्हणजे स्टेजमागच्या ताडपत्रीत.

नंदामावशी पेटीवर बसली होती. सत्तरीला आली आहे. एके काळी तिचं नाव पोस्टरवर असलं की देवरीहून ट्रॅक्टर भरून माणसं यायची. संध्या मॅडमनी छापून आणलेली माहितीपत्रिका तिच्या मांडीवर होती. इंग्रजी बाजू वर.

"खुशाल, हिरव्या दाराबद्दल का लिवलं ते वाच मले."

"काऊन आता? मंडपवाला आला—"

"वाच गा."

खुशालभाऊंनी मागची मराठी बाजू वाचली. "चित्राच्या उजव्या भागात कलावंताने स्वतः दिलेला उभा छेद."

"छेद म्हंजे?"

"चीर."

"अना कोनं देला?"

खुशालभाऊंनी ताडपत्रीकडे पाहिलं. "बाबूनं."

"बाबू तवा खाटेवर कनत होता! कैची माजी होती. बिलाऊज कापाची."

"नंदाबाई, आयकून घ्या. मॅडमनं मले विचारलं, ही चीर कोनाची? मी म्हटलो बाबूची. तुमचं नाव सांगतलं तर म्हनतीन, फाटका पडदा. बाबूचं सांगतलं तर म्हनतीन, कला. दिल्लीचा एक मोठा गिऱ्हाईक त्या चिरीवरच खुश होऊन रायला."

"म्हंजे माज्यानं फाटला अना त्याच्यानं कला?"

"तसाच हाय जमाना."

"अना इकल्यावर का करतीन दाराचं?"

"काचेत बसवतीन. कोनी बोट नाई लावनार. तुमाले तर आनंद व्हाले पायजे."

नंदामावशीनं चष्मा काढला. पुसला. परत घातला.

"काचेत दार? कोनी येत-जात नसन तर त्याच्यापरीस भिंत भली. खुशाल, मी त्या दारातून आली म्हनून मले लोकायनं ओरखलं. ते दार माजं हाय. पडदा मंडळाचा. इका. पन दार माज्या नावानं इका, नाई तं दार म्हनून तरी इका."

खुशालभाऊ खाली बसले. आवाज उतरला. "यंदाचा पावसाळा पडद्यानं काढला. पुढचा नाई काढत. वाळवी कुठवर आली, पाह्यलं ना? आज इकला तर पक्का स्टेज होते, छतासकट. हातोडा पडेपर्यंत चूप राहा, नंदाबाई. मंग गावभर सांगा."

"बरं," ती म्हणाली.

खुशालभाऊ निश्चिंत होऊन मंडपवाल्याकडे गेले. मी झालो नाही. नंदामावशीचं "बरं" मला पाठ आहे. नाटकात ती "बरं" म्हणाली की पुढच्या प्रवेशात सासऱ्याला हार्टअटॅक येतो.

*

पहिली घंटा.

"नमस्कार, केशोरी!" टीव्हीतले साहेब म्हणाले. हिंदीत बोलत होते, मधून मधून इंग्रजी. "लॉट की शुरुआत करते हैं."

दोन लाख. कोणीतरी. दोन पन्नास. दुसरं कोणीतरी. तीन!

तणसावरून शिट्टी. हेमराजनं माईकमध्ये "तीन लाSSख" असं म्हटलं, जसं तो मंडईच्या जत्रेत कुस्तीचा निकाल सांगतो. संध्या मॅडमनी त्याच्याकडे हात जोडले. त्यानं माईक काखेत लपवला.

चार. नंबर तीन. (हा दिल्लीचा.)

साडेचार. नंबर सात.

"सात नंबर कोन आहे वो?" मी मॅडमना हळूच विचारलं.

"इटलीहून. फोनवर आहेत. वयस्कर बाई आहेत, त्रिएस्तेच्याच."

त्या शहरातलंच माणूस! बातमी माझ्यापासून उदारामकाकांपर्यंत, तिथून पहिल्या रांगेपर्यंत, तिथून पोह्याच्या ठेल्यापर्यंत गेली. "शयरातून बोलून रायली! आपल्या पडद्यातून!" बाया उठून उभ्या राहिल्या आणि पडद्यातल्या खिडक्यांकडे बघू लागल्या, जणू एखादी उघडेल.

पाच, तीन नंबर. साडेपाच, सात नंबर. सहा, तीन नं—

चित्र अडकलं.

साहेबांचा हात हवेत, तोंड उघडं. एका पोरानं बांबू हलवला.

—बर. सहा लाख, थँक यू, केशोरी, आप वापस आ गए. अब सात नंबर... सहा पंचवीस.

खुशालभाऊंच्या कपाळावर घाम. मंडळानं ठरवलं होतं, आठाच्या खाली द्यायचा नाही. साहेबांनाही तसं कळवलं होतं.

*

दुसरी घंटा.

सात लाख, तीन नंबर. मग थोडं थांबून, "नंबर तीन की रिक्वेस्ट है, छेद को पास से दिखाइए."

संध्या मॅडम कॅमेरा घेऊन पायऱ्यांजवळ गेल्या. टीव्हीवर हिरवं दार मोठं मोठं होत गेलं. मधोमध ती उभी चीर. कडांना बारीक टाके. आतून बांधलेल्या नाडीचं एक टोक बाहेर आलेलं. चिरीच्या शेजारी, रंगवलेली पितळी कडी.

"ब्यूटिफुल," साहेब म्हणाले. "कितना दर्द है इसमें."

पहिल्या रांगेत मंदाबाई शेजारणीला म्हणाली, "दर्द कायचा? बाजूनं येताना नंदाबाईचा पदर अटकत होता दांडीले, म्हनून कापलन तिनं."

"शूऽऽ!" खुशालभाऊ.

आठ लाख. तीन नंबर. स्वतःच्या सातावर स्वतःच चढला. गाव त्याला वेडा म्हणालं नाही. आमच्याकडे शारदादेवीच्या साडीच्या लिलावात माणूस जोशात आला की असंच करतो.

नऊ लाख. अजून तोच!

खुशालभाऊंनी माझा खांदा इतका घट्ट धरला की घंटी किणकिणली. छत झालं होतं. भिंती झाल्या होत्या. त्यांच्या डोळ्यांत मला ट्यूबलाइटसकट पूर्ण रंगमंच दिसत होता.

"सात नंबर? मॅडम?" साहेबांनी फोनकडे पाहिलं. "नहीं? ठीक है. नौ लाख, एक बार..."

मी पहिल्या रांगेकडे पाहिलं. नंदामावशीची खुर्ची रिकामी.

पडद्याच्या खालच्या दांडीखालून, हिरव्या दारामागे, दोन पाय दिसत होते. अनवाणी. ती स्टेजवर कधी चप्पल घालत नाही.

"भुपेंद्र." पडद्याआडून. "घंटी दे."

"मावशी, लिलाव चालू आहे."

"मंग का झालं? चालू नाटकातच एन्ट्री रायते ना."

"नौ लाख, दो बार..."

नऊ लाख एका बाजूला. माझ्या हातात एक पाव किलोची घंटी. चौदा वर्षं ती मागते आणि मी देतो. एकदाही उशीर झालेला नाही.

*

तिसरी.

वाजवली.

उदारामकाका झोपेत होते, पण त्यांची बोटं झोपत नाहीत. घंटी ऐकली की ती एन्ट्रीचं म्युझिक वाजवतात. ऑर्गन गरजला. नाडी सुटली. शहराचं दार उघडलं.

आधी डावा पाय. मग वाकलेली मान. मग सगळी नंदामावशी, नायलॉनच्या साडीत, चष्म्यासकट. मागे हात नेऊन तिनं रंगवलेली कडी लावल्यासारखं केलं, कपाळावरचा घाम पदरानं टिपला आणि पहिल्या नाटकातलं पहिलं वाक्य टाकलं—

"आली वो माय मी! येवढं मोठं शयर, अना घोटभर पानी पाजाले कोनी नाई!"

बांध फुटल्यासारखं गाव ओरडलं. शिट्ट्या. दुपट्टे हवेत. हेमराजच्या काखेतला माईक आपोआप तोंडाशी आला: "नंदाबाईच्या एन्ट्रीवर खुश होऊन दवनीवाड्याचे पाव्हणे खुशीनं देऊन रायले एकशे एक रुपये! टाळ्याऽऽ!" मागोमाग कुणी दहाची नोट स्टेजवर फेकली. कुणी केळी.

टीव्ही अडकला होता. साहेबांचा हातोडा हवेत.

खुशालभाऊ उभे होते. त्यांचा चेहराही अडकला होता.

*

बांबू हलला. चित्र आलं.

"केशोरी? केशोरी! यह क्या हो रहा है? लॉट में से कोई निकला है क्या?"

संध्या मॅडम कॅमेऱ्याकडे धावल्या, पण त्याआधी नंदामावशीनं हेमराजच्या हातून माईक घेतला. तिला माईक धरायला कोणी शिकवावं लागत नाही.

"नमस्कार, साहेब. मी नंदाबाई. ते चीर नोहे. दार हाय. मी कापली. बाबू तापात होता, त्याले मालूम नाई. दार रंगवला हाय, तर मी बाजूनं काऊन येऊ? म्हनून कापली. पयल्या रात्री बाबू घोंगडी पांघरून नाटक पाहाले बसला. मी दारातून आली, तर उठला. आमाले वाटलं, आता मारते. स्टेजवर चढला, त्या दारातून अंदर गेला, बाहेर आला, अंदर गेला, बाहेर आला. नाटक थांबलं. तिथंच पायऱ्यावर बसून रडला. मंग दुसऱ्या दिवशी त्यानं त्या दाराले कडी काढली. पयले कडी नोहोती. दार उघडते म्हटल्यावर कडी पायजे ना."

संध्या मॅडमनी सगळं हिंदीत सांगितलं, मग इंग्रजीत. सांगताना त्यांनी माहितीपत्रिका घडी करून पर्समध्ये ठेवली.

साहेब कानातल्या यंत्रात काहीतरी ऐकत होते. "नंबर तीन बोली वापस ले रहे हैं." थोडं थांबून, "उनका हक़ है. विवरण ग़लत था."

गेले. नऊ लाख गेले. छत गेलं.

खुशालभाऊ खाली तणसावर बसले. शेजारून हेमराज हळूच म्हणाला, "बसा भाऊ, बसा. नाटक संपला नाई अजून." त्यांनी त्याला मारायला हात उचलला आणि तसाच डोक्याला लावला.

"सात नंबर," साहेब म्हणाले. "सात नंबर की बोली सव्वा छह पर थी. वह लाइन पर हैं. वह..." त्यांनी कानातलं यंत्र दाबलं. पुन्हा दाबलं. "वह कह रही हैं, उनके यहाँ चित्र रुक गया था. उन्होंने सिर्फ़ पैर देखा. एक पैर, दरवाज़े से बाहर." ते मान वाकडी करून कॅमेऱ्यात बघत होते, आपणच काय बोलतोय ते कळत नसल्यासारखे. "पूछ रही हैं, क्या मैडम फिर से आएँगी?"

सगळ्यांनी नंदामावशीकडे पाहिलं.

मग हेमराज. माईक नव्हता, गरजही नव्हती.

"वन्स मोअर!"

"वन्स मोअर!" तणस. "वन्स मोअर!" पोह्याचा ठेला. "वन्स मोअर!" टीव्हीच्या टेबलाजवळची पोरं, मंदाबाई, दवनीवाड्याचे पाहुणे. आणि फोनच्या त्या टोकाला, समुद्रापलीकडे, एका म्हाताऱ्या आवाजानं ते शब्द जसे ऐकू आले तसे म्हणून पाहिले. संध्या मॅडमनी स्पीकर मोठा केला होता. सगळ्यांना ऐकू आलं.

नंदामावशी दारातून आत गेली. नाडी बांधली. मी मोबाइलच्या बांबूकडे पाहिलं. दोन पोरं बांबूला मिठी मारून उभी होती, हलू नये म्हणून. रेंज होती.

घंटी.

डावा पाय. मान. नंदामावशी. पहिल्यापेक्षा सावकाश. या वेळी कडी लावल्यावर ती वळली आणि दारावर एक थाप मारली, घरातल्या कुणाला तरी "येते" म्हणावं तशी. ही थाप कुठल्याच नाटकात नव्हती. मी शपथेवर सांगतो.

स्पीकरमधून बाईंचं नाक ओढणं. मग भराभर इटालियन, आणि त्यावर मुंबईतल्या दुभाष्याचा आवाज: गल्ली तिच्या ओळखीची आहे. दार आता तिथे नाही, दुकान झालं आहे. आणि तिच्याकडे सव्वा सहाच आहेत.

"मंडल के अध्यक्ष?" साहेब म्हणाले. "आपकी सीमा आठ थी. यह उससे कम है. आप मना कर सकते हैं."

सगळं गाव खुशालभाऊंकडे वळलं. ते उठले. पायजम्यावरचं तणस झटकलं. नंदामावशीकडे पाहिलं नाही.

"मॅडम, त्या बाईले एक विचारा. दार शिवनार का?"

मॅडमनी विचारलं. उत्तर लांब आलं, भाषांतर छोटं.

"नाही म्हणतात. त्यांच्या मोहल्ल्यात नाटकाचा एक हॉल आहे, तिथे टांगणार. पहिल्यांदा स्वतः दारातून जाणार."

खुशालभाऊंच्या डोळ्यांतल्या रंगमंचाची एकेक ट्यूबलाइट विझताना मला दिसली. मग त्यांनी नाक खाजवलं.

"भित्ती तर होतेत तेवढ्यात. छत पुढच्या साली. द्या."

"सव्वा छह लाख. एक बार. दो बार..."

"तीन!" हेमराज, उदारामकाका, पोरं, बाया, सगळे. हातोड्याचा आवाज कुणालाच ऐकू आला नाही.

*

फोन अजून चालू होता.

"मॅडम, तिले सांगा," नंदामावशी स्टेजच्या कडेला पाय सोडून बसली होती. कुणीतरी तिच्या हातात पाण्याचा तांब्या दिला होता, अखेर. "डावा पाय पयले. उजवा टाकला का दांडीत अटकते. मान वाकव म्हना, मी कापलं तवा एकोनीस वर्साची होती, ठेंगनी होती. अना बाहेर आल्यावर लगेच बोलू नोको. लोकायले पाहू दे जरा."

मॅडम सांगत होत्या. पलीकडून "सी, सी" येत होतं.

"अना घंटी झाल्याबिगर दारात पाय ठेवाचा नाई."

हे सांगून झालं. पलीकडून प्रश्न आला. संध्या मॅडम माझ्याकडे वळल्या. त्यांच्यामागून खुशालभाऊ, हेमराज, पहिली रांग, सगळे माझ्या हाताकडे बघू लागले.

"विचारतायत, घंटी पडद्यासोबत येते का?"

मी मूठ आवळली.

"नाई भेटत म्हना," नंदामावशीनं तांब्या खाली ठेवला. "घंटी आमाले लागते. उद्या नाटक हाय."